क्रॅपी आणि पॅनफिशसाठी कोणता रॉड आणि कोणते रील घ्यावे?

कोलंबसकर

नमस्कार मंडळी. मी ओहायो राज्यात कोलंबसजवळ राहतो. मागच्या वसंतापासून माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन मी आलम क्रीक आणि हूवर या दोन जलाशयांवर गळ टाकायला जातो. आमच्याकडे बोट नाही, त्यामुळे काठावरून किंवा सार्वजनिक धक्क्यावरूनच मासेमारी होते. मासे मुख्यतः क्रॅपी आणि ब्लूगिल, दोन्ही गोड्या पाण्यातले लहान, चपटे मासे.

सुरुवातीला दुकानातल्या विक्रेत्याने ‘हा सगळ्या माशांना चालतो’ असे सांगून मीडियम ताकदीचा साडेसहा फुटी रॉड (गळाची काठी) आणि १० पौंडी, म्हणजे १० पौंडांचा ताण सोसणारा, दोर भरलेले रील (दोर गुंडाळायचे यंत्र) दिले. ब्लूगिल त्यावर येतात, क्रॅपी मात्र हाताशी येऊन सुटतात. एप्रिलच्या शेवटी लेकीने एक चांगला तळहाताएवढा क्रॅपी काठापर्यंत आणला, उत्साहाने वर उचलला आणि तो पाण्यावर अर्धा फूट आला असेल नसेल तोच निसटून पडला. गळ हातात घेऊन पाहिला, तर टोकाला ओठाचा पांढरा, पारदर्शक तुकडा चिकटलेला होता. ‘बाबा, त्याला लागलं का?’ असे तिने विचारले आणि त्या दिवशी आम्ही सामान आवरून घरी आलो.

दोघांसाठी मिळून साधारण ८० ते १०० डॉलर खर्च करायची तयारी आहे. लांबी किती असावी, ताकद कोणती असावी, रील कोणते घ्यावे आणि दोर किती पौंडी असावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

खाडीकाठ

माझे बालपण आचऱ्याच्या खाडीवर गेले. तिथे आम्ही काठीशिवाय, नुसता दोर बोटावर घेऊन गरवत असू. मासा आमिषाला शिवला की तर्जनीला कळायचे आणि किती ओढायचे हे बोटच ठरवायचे. न्यू जर्सीत आल्यावर पहिला हलका रॉड हातात घेतला, तेव्हा तो त्या बोटाचाच लांब केलेला भाग वाटला. तुमचा सध्याचा रॉड म्हणजे जाड हातमोजा घालून गरवण्यासारखे आहे. माशाची चाहूल हातापर्यंत पोहोचत नाही आणि हाताचा जोर मात्र सगळाच्या सगळा माशाच्या तोंडावर जातो.

तेव्हा उत्तर अल्ट्रालाइट किंवा लाइट, म्हणजे कमी जोराने वाकणारा, रॉड हेच आहे. मुठीच्या वर रॉडवर बारीक अक्षरांत दोराची आणि आमिषाच्या वजनाची मर्यादा छापलेली असते. तिथे २ ते ६ पौंड दोर आणि १/३२ औंसापासून पुढचे आमिष असे लिहिलेले असेल, तर तो रॉड तुमच्या कामाचा समजा.

मिसिसिपीचा_मास्तर

खाडीकाठ यांनी मुद्द्यालाच हात घातला आहे. त्यात थोडी भर घालतो, कारण गेली चौदा वर्षे मी उत्तर मिसिसिपीत शिकवतो आणि सुटीचा जवळजवळ प्रत्येक दिवस ग्रेनाडा, एनिड किंवा सार्डिस यांपैकी एखाद्या जलाशयावर घालवतो. पांढऱ्या क्रॅपीचा ५ पौंड ३ औंसांचा विश्वविक्रम १९५७ साली एनिडलाच झाला. काळ्या क्रॅपीचा ५ पौंड ७ औंसांचा विक्रम २०१८ साली शेजारच्या टेनेसीत झाला.

सगळे गणित माशाच्या तोंडापासून सुरू होते. क्रॅपीच्या जबड्याभोवती कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा असतो, म्हणून इथली माणसे त्याला ‘कागदी तोंडाचा’ मासा म्हणतात. गळ त्या पडद्यात रुतला की तिथे लहानसे छिद्र पडते आणि दोर ताठ राहून झटके बसत गेले की ते रुंदावत जाते. मग दोर क्षणभर सैल पडला किंवा मासा पाण्याबाहेर लटकला की गळ आपोआप गळून पडतो. झटका शोषून घेणे हे रॉडचे काम असते. तुमचा रॉड ते करत नव्हता, एवढेच घडले. लेकीची त्यात काही चूक नाही.

आता दोन शब्दांतला फरक. ‘पॉवर’ म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते आणि ‘अॅक्शन’ म्हणजे तो कुठून वाकतो ते. फास्ट अॅक्शनचा रॉड फक्त शेंड्याकडे वाकतो आणि मॉडरेट अॅक्शनचा जवळजवळ मधल्या भागापासून कमानीसारखा वाकतो. पुष्कळ जण अल्ट्रालाइट म्हणजे आपोआप मऊ असे समजतात, पण अल्ट्रालाइट आणि एक्स्ट्रा फास्ट असा रॉडही मिळतो आणि क्रॅपीला तो थोडा कडकच पडतो. पॉवर लाइट किंवा अल्ट्रालाइट आणि अॅक्शन मॉडरेट किंवा मॉडरेट फास्ट, अशी जोडी शोधावी.

लांबीबाबत माझे मत ठाम आहे. १० फुटी काठी घ्यावी. वसंतात पाणी ६० अंश फॅरनहाइटच्या पुढे गेले की क्रॅपी अंडी घालायला दोन-चार फूट पाण्यात, झुडपांच्या आणि बुडालेल्या खुंटांच्या आश्रयाला येतात. तिथे आमिष फेकण्यापेक्षा लांब काठीने अलगद वरून सोडावे आणि मासा लागला की सरळ वर घ्यावा. यात रील केवळ दोर साठवण्यापुरते लागते, त्यामुळे त्यावर पैसे घालवू नयेत.

लेनियरवासी

मास्तरांच्या अनुभवाचा आदर ठेवून मतभेद नोंदवतो. १० फुटी काठी त्यांच्या गढूळ, खुंटांनी भरलेल्या पाण्यासाठी उत्तम आहे, परंतु प्रश्न नऊ वर्षांच्या मुलीचा आहे आणि तिच्या हातात दहा फुटांची काठी तासाभरात जड होईल.

आमच्याकडे जॉर्जियात लेनियर जलाशयावर खासगी धक्के फार आहेत आणि दुपारच्या वेळी क्रॅपी त्यांच्या सावलीत थांबतात. तिथे आम्ही पाच-साडेपाच फुटी रॉड वापरतो. एका हाताच्या चिमटीत जिग (वजनदार डोक्याच्या गळाचे कृत्रिम आमिष) धरायची, मात्र गळाचे टोक बोटांच्या बाहेर राहील याची काळजी घ्यायची, रॉड धनुष्यासारखा वाकवायचा आणि सोडायचा. चपटा दगड पाण्यावर भाकऱ्या काढत जावा तशी जिग धक्क्याखालच्या अंधारात आत शिरते. लांब काठीने हे होणार नाही.

कोलंबसकर, तुम्ही उभे कुठे राहता त्यावर लांबी ठरते. काठावरून आणि धक्क्यावरून, दोन्हीकडे चालेल असा रॉड हवा असेल, तर तुमच्यासाठी सहा ते साडेसहा फूट आणि लेकीसाठी पाच फूट योग्य होईल.

मिसिसिपीचा_मास्तर

लेनियरवासी, मुलीसाठी पाच फुटी रॉड हा मुद्दा मान्य. वडिलांसाठी मात्र मी माझे मत सोडत नाही. काठावरच्या गवतापलीकडे जिग सोडायची असेल, तर चार फूट अधिकच्या लांबीचे मोल कळते.

टेक्ससचा_नाना

रीलबद्दल कोणी फारसे बोलले नाही, म्हणून लिहितो. मुलीसाठी झाकणाचे, बटण दाबून सोडायचे स्पिनकास्ट रील घ्या. अशा रीलांसाठी प्रसिद्ध असलेले झेबको हे नाव झीरो अवर बॉम्ब कंपनी या नावावरून आले. ओक्लाहोमातल्या टल्सा इथे ती कंपनी तेलविहिरींत वापरायचे स्फोटक संच बनवत असे. टेक्ससमधल्या आर. डी. हल नावाच्या घड्याळदुरुस्ती करणाऱ्या गृहस्थाने तिच्याकडे नव्या रीलची कल्पना नेली आणि १९४९ मध्ये पहिले रील बाजारात आले. या देशातल्या कित्येक पिढ्यांनी पहिला मासा असल्याच रीलवर पकडला आहे. माझ्या दोन्ही नातवंडांनीही त्यावरच पकडला. अंगठ्याने बटण दाबायचे, हात पुढे आणताना सोडायचे, एवढेच. पाच मिनिटांत मूल शिकते.

मंजिरी_मिनेसोटा

नाना, आठवण छान सांगितलीत, पण स्वस्त स्पिनकास्ट रीलची एक अडचण सांगितलीच पाहिजे. ४ पौंडी बारीक दोर त्यात झाकणाआड स्पूलच्या (दोर गुंडाळलेल्या चकरीच्या) मागे जाऊन अडकतो आणि मग काठावर बसून झाकण उघडावे लागते. ते रील घ्यायचेच असेल, तर दोर ६ पौंडी ठेवावा. शिवाय त्यातले ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोर सोडणारी यंत्रणा, बहुधा एकसारखे सुटत नाही, अडखळत सुटते, आणि क्रॅपीच्या तोंडाला नेमका तोच धक्का सोसत नाही.

नऊ वर्षांची मुलगी उघडे स्पिनिंग रील सहज शिकू शकते. माझ्या मुलाने आठव्या वर्षी ते हाताळले. ५०० किंवा १००० आकाराचे, गिअरचे प्रमाण ५.२:१ च्या आसपास असलेले साधे रील पुरते. बेअरिंगची संख्या मोजत बसू नका. दोर रीलमध्ये भरून त्याचे टोक हाताने ओढून पाहा. ड्रॅग सैल असताना दोर एका गतीने, न थबकता सुटला पाहिजे. ही एक परीक्षा खोक्यावरच्या सगळ्या मजकुरापेक्षा मोलाची आहे.

मुलीला तीन सवयी मात्र पहिल्या दिवसापासून लावा. फेकून झाल्यावर बेल (दोर अडवणारी रीलवरची तारेची कमान) हाताने बंद करायची, रीलची दांडी फिरवून नाही. बेल बंद केल्यावर दोर एकदा चिमटीत धरून ताणायचा. आणि ड्रॅग सुटत असताना दांडी फिरवायची नाही. शेवटची चूक सगळ्यांत महागात पडते, कारण दांडीच्या प्रत्येक फेऱ्यागणिक दोराला पीळ बसतो आणि पुढच्या फेकीला स्पूलवरून दोराचा गुंता एकदम उसळून बाहेर येतो.

टेक्ससचा_नाना

मंजिरीताई, दोर स्पूलमागे अडकतो हे अगदी खरे आहे. आम्ही पहिल्यापासून ६ पौंडीच वापरत आलो, त्यामुळे ती अडचण माझ्या वाट्याला आली नाही. स्पिनिंग रील शिकता येत असेल, तर तेच चांगले.

उजनी_काठ

मी भिगवणकडचा, उजनीच्या पाण्यावर वाढलेला. हा क्रॅपी आपल्या चिलापीसारखाच आहे का? आम्ही बांबूच्या काठीला दोर बांधून, गळाला गांडूळ लावून चिलापी पकडायचो. तेव्हा असले काही प्रश्न पडले नाहीत.

खाडीकाठ

दिसायला दोन्ही चपटे आणि पाठीवर काटेरी पर असलेले, पण कूळ वेगळे. क्रॅपी आणि ब्लूगिल हे दोघे उत्तर अमेरिकेच्या सनफिश कुळातले. पॅनफिश म्हणजे तव्यात अख्खा मावेल असा मासा. ही कोणती एक जात नव्हे, स्वयंपाकघराने दिलेले नाव आहे. बांबूच्या काठीबद्दल म्हणाल, तर तुम्ही मास्तरांच्याच पक्षाचे आहात. शेंड्याकडे निमुळता होत गेलेला बांबू फार सुंदर लवतो. मिसिसिपीतली लांब काठी ही त्याचीच ग्रॅफाइटमधली आवृत्ती आहे.

मिसिसिपीचा_मास्तर

अगदी बरोबर. इथेही पूर्वी सगळे बांबूच्या काठीनेच पकडत.

ग्रॅफाइटचा विषय निघाला आहे, तर एक सूचना गांभीर्याने देतो. ग्रॅफाइटमधून वीज वाहते. लांब काठी उभी धरून विजेच्या तारांखालून जाऊ नये आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून लगेच पाण्यापासून दूर व्हावे. मूल बरोबर असताना ‘आणखी एक मासा’ म्हणून थांबू नये.

पहिलाच_गळ

मी नुकतीच सुरुवात करत आहे, म्हणून विचारते. फायबरग्लासचा रॉड घेतला तर चालेल का? तो स्वस्त मिळतो आहे.

लेनियरवासी

चालेल. फायबरग्लास जड असतो आणि त्यातून सूक्ष्म स्पर्श कमी कळतो, पण तो हळू आणि खोलवर लवतो, आणि ते क्रॅपीच्या तोंडाला मानवते. तो सहजासहजी मोडतही नाही. बॉबरखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेखाली) जिवंत मिनो, म्हणजे बारीक मासोळी, लावून बसायचे असेल, तर मासा लागल्याचे डोळ्यांना दिसते, तेव्हा सूक्ष्म स्पर्शाची गरज नसते. जिग हातावर खेळवायची असेल, तर ग्रॅफाइट घ्या.

मंजिरी_मिनेसोटा

बॉबरच्या बाबतीत एक गोष्ट नव्या मंडळींना कोणी सांगत नाही. क्रॅपीचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतात आणि तो वर पाहून खातो. तो खालून येऊन आमिष घेतो आणि आणखी वर जातो, तेव्हा जिगचे वजन दोरावरून उतरते आणि उभा असलेला बॉबर बुडण्याऐवजी आडवा पडतो. आडवा पडलेला बॉबर म्हणजे मासा. त्या क्षणी झटका मारायचा नाही. दोर ताणला जाईल इतकाच रॉड उचलायचा आणि एका लयीत गुंडाळत राहायचे. याच कारणाने आमिष माशांच्या थोडे वर ठेवावे, कारण त्यांच्या खालून गेलेल्या आमिषाकडे ते सहसा वळत नाहीत.

हिवाळ्यात आम्ही बर्फाला भोक पाडून २४ ते ३० इंची रॉडने हेच मासे पकडतो. तिथे इनलाइन रील वापरणारे पुष्कळ आहेत. त्यात दोर चाकासारखा सरळ सुटतो, पीळ बसत नाही, त्यामुळे जिग दोरावर गरगर फिरत नाही. भिंगरीसारख्या फिरणाऱ्या जिगला क्रॅपी शिवत नाही. एक विनंती मात्र करते. २५-३० फुटांपेक्षा खोल पाण्यातून काढलेला क्रॅपी सोडला तरी बहुधा जगत नाही, कारण दाब उतरल्याने त्याची वाताशयाची पिशवी फुगते. तिथे तव्यापुरते मासे झाले की थांबावे.

कोलंबसकर

सर्वांचे मनापासून आभार. दोर कोणता, एवढे एकदा ठरले की खरेदीला जातो. मोनो (एकपदरी नायलॉनचा) घ्यावा की ब्रेड (बारीक धागे विणलेला)? आणि गाठ कोणती मारावी?

लेनियरवासी

मी ६ पौंडी ब्रेड आणि पुढे दीड-दोन फूट ४ पौंडी फ्लुरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारा दोर) वापरतो. ब्रेड ताणत नाही, त्यामुळे हलकासा स्पर्शही हातात येतो. धक्क्याखाली मासा लागला आणि तो खांबाला वळसा घालण्याआधी त्याला बाहेर काढायचे असले, की याचा उपयोग होतो.

खाडीकाठ

आणि ब्रेड ताणत नाही म्हणूनच मी तो क्रॅपीसाठी वापरत नाही. मोनो स्वतः थोडा ताणला जातो. मऊ रॉड आणि मोनो असे दोन झटकाशोषक एकामागे एक असले, की नवशिक्याच्या हातूनही तोंड फाटत नाही. मोनो स्वस्त आहे, गाठ सोपी बसते आणि गुंता झाला तर कापून टाकायला जीव हळहळत नाही. कोलंबसकर, दोन्ही रीलांत ४ पौंडी मोनो भरा.

गाठीचे म्हणाल, तर जिगच्या कडीत सैल वेटोळे राहील अशी लूप गाठ मारावी. साधी आवळ गाठ मारली, तर ती कडीच्या वरच्या मध्यावर आहे ना, हे प्रत्येक माशानंतर पाहावे. गाठ पुढे सरकली की जिग शेपूट खाली करून उभी लटकते. ती पाण्यात आडवी दिसली पाहिजे, कारण जिवंत मिनो आडवाच पोहतो. मी दर दहा मिनिटांनी जिग डोळ्यांसमोर धरून हे पाहतो. मासे लागत नाहीत म्हणून रंग बदलणाऱ्यांनी आधी गाठ पाहावी, असे माझे अनुभवावरून मत झाले आहे.

मिसिसिपीचा_मास्तर

गाठीबद्दल खाडीकाठ यांच्याशी पूर्ण सहमत.

नवे सामान महाग वाटत असेल, तर जुने घ्यायला हरकत नाही. फक्त दोर ओवायच्या कड्यांमधून कापसाचा बोळा फिरवून पाहा. कुठे तंतू अडकला, तर त्या कडीला चीर गेलेली आहे आणि तिथे बारीक दोर कापला जाईल. नवे घ्याल, तर त्यातला एक हिस्सा पाण्यालाच परत जातो. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार मासेमारीच्या बहुतेक सामानावर १० टक्के अबकारी कर बसतो आणि तो राज्यांच्या मत्स्यसंवर्धनासाठी वाटला जातो. परवान्याचे पैसेही त्याच कामी येतात. तुमच्याकडे सोळा वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही, तुम्हाला मात्र लागेल.

उजनी_काठ

काठावर मासा आला की वर कसा घ्यायचा, ते कोणी सांगितलेच नाही. त्यांच्या मुलीचा मासा तर तिथेच सुटला होता.

लेनियरवासी

उत्तम आठवण करून दिलीत. जाळी घ्यावी, आणि दांडा लांब असलेली. रबरी जाळी असेल, तर गळ तिच्यात अडकत नाही आणि माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर शाबूत राहतो. जाळी आधी पाण्यात बुडवून ठेवायची आणि मासा तिच्यावर आणायचा. जाळी घेऊन माशाच्या मागे धावायचे नाही.

कोलंबसकर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. माझ्यासाठी साडेसहा फुटी, लाइट पॉवरचा, मॉडरेट फास्ट रॉड घेतला आणि लेकीसाठी पाच फुटी अल्ट्रालाइट. दोन्हींवर १००० आकाराची स्पिनिंग रीले, ४ पौंडी मोनो आणि १/१६ औंसाच्या जिग. शिवाय लांब दांड्याची रबरी जाळी घेतली. सगळे मिळून ठरवलेल्या रकमेपेक्षा सहा डॉलर जास्त झाले.

पहिला शनिवार बेल हाताने बंद करण्याच्या सरावातच गेला आणि दोनदा गुंता कापावा लागला. काल सकाळी हूवरच्या धक्क्यावर पाणी ६२ अंश होते. आठच्या सुमारास लेकीचा बॉबर एकाएकी आडवा पडला. मंजिरीताईंनी लिहिलेले मी तिला वाचून दाखवले होते, त्यामुळे तिने झटका मारला नाही. रॉड हळूच उचलला आणि तो मुठीजवळपर्यंत कमानीसारखा वाकला. ड्रॅग दोनदा सुटले, दोन्ही वेळा तिने दांडी थांबवली. जाळी मी धरली होती. साडेअकरा इंचांचा काळा क्रॅपी होता. गळ वरच्या ओठाच्या पडद्यात होता आणि छिद्र टाचणीच्या टोकाएवढेच राहिले होते. तिने ते बोट न लावता नीट न्याहाळले आणि मग मासा स्वतःच्या हाताने पाण्यात सोडला.

त्यानंतर आणखी चार मिळाले, त्यांतले तीन घरी आणले. आता पुढचा प्रश्न रवा लावून अख्खे तळावेत की तुकडी काढावी हा आहे.

खाडीकाठ

क्रॅपीची तुकडी काढा, कारण मांस पातळ आणि मऊ असते, तव्यावर उलटताना अख्खा मासा तुटतो. मीठ, हळद आणि कोकमाचे आगळ लावून पंधरा मिनिटेच ठेवा, त्याहून जास्त नको. ब्लूगिल मिळाले, तर मात्र खवले काढून, दोन्ही अंगांना तिरक्या चिरा देऊन अख्खेच तळा. त्यांच्या शेपटीकडचा कुरकुरीत भाग लेकीसाठी राखून ठेवा.

मिसिसिपीचा_मास्तर

साडेअकरा इंच हा फार सुंदर मासा आहे, तिचे अभिनंदन सांगा. पाणी ६२ असेल, तर पुढचे दोन आठवडे ते काठाजवळच राहतील. झुडपांपाशी तीन फूट खोलीवर पाहा. आणि जमल्यास कोणाकडून तरी १० फुटी काठी एका सकाळीपुरती मागून आणा.